बोडी बुजवल्यानं थंडीताप जात नाही



रोवणे सुरू आहेत. दिवसभर बांधीत वाकून आलेल्या माणसाला कागद वाचायला सवड नसते, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून संध्याकाळी जेवणं झाल्यावर कुणी शिकलेल्या पोरानं किंवा पोरीनं हे मोठ्यानं वाचून दाखवावं. या वेळचा विषय मच्छराचा आहे. जमिनीच्या लढ्याच्या पत्रकात मच्छर कुठून आला, असं काही जण म्हणतील. पण मच्छराचं नाव पुढं करून जमीनच मागून राहिले आहेत, म्हणून लिहावं लागलं.

गेल्या दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातल्या एका गावात एकाच आठवड्यात दोन लेकरं थंडीतापानं गेली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या घरांना पुन्हा पुन्हा विचारायला कुणी जाऊ नये. उन्हाळ्यात त्याच गावात एका खात्याचे साहेब आले, सोबत एक ठेकेदार होता. साहेब म्हणाले, गावाखालची बोडी हेच मच्छराचं घर आहे, ती बुजवून टाकू, वर सपाट मैदान करून देऊ, पोरांना खेळायला होईल. ठरावाचा कागद तयारच होता, फक्त अंगठे पाहिजे होते. सभेत तरणे पोट्टे म्हणाले, "बुजवा ना मग. आमची भावंडं मेली." एक आजी म्हणाली, "बोडी बुजवान तर ढोरं पाणी कुठं पितीन? अन् धान कशावर पिकवान?" बोलणं वाढलं, सभा मोडली. कागद तसाच परत गेला. तो पुन्हा येणार आहे, आणि दुसऱ्या गावांतही फिरणार आहे असं कळतं.

पोट्ट्यांना आम्ही चूक म्हणत नाही. ज्याच्या घरातलं लेकरू गेलं त्याला राग येणारच, आणि समोर जे दिसतं त्याच्यावर तो निघणार. संघटनेचं असंही म्हणणं नाही की मच्छर ही लहान गोष्ट आहे. आपल्या जिल्ह्यात पावसाळा सरता सरता, धान निसवायला लागला की तापाची साथ येते ती कार्तिकापर्यंत राहते. हे दर वर्षी होतं. म्हणूनच अंगठा लावायच्या आधी मच्छर काय चीज आहे, तो कुठं जन्मतो, कुठं नाही, हे नीट समजून घेऊ.

२० ऑगस्ट १९९७ ला एका गोष्टीला बरोबर १०० वर्षं झाली. १८९७ साली हैदराबादजवळच्या सिकंदराबादला रोनाल्ड रॉस नावाच्या इंग्रज लष्करी डॉक्टरला मच्छराच्या पोटात थंडीतापाचे जंतू दिसले. तोवर मोठमोठे लोक समजत की दलदलीची खराब हवा लागली की ताप येतो. मलेरिया या शब्दाचा अर्थच मुळात खराब हवा असा आहे. रॉस साहेबानं हुसेन खान नावाच्या तापाच्या रोग्याला मच्छर चाववून घेतले, दर मच्छरामागे एक आणा दिला, आणि मग ते मच्छर फाडून दुर्बिणीखाली पाहिले. १९०२ साली साहेबाला नोबेल बक्षीस मिळालं. हुसेन खानाला आणे मिळाले. असो. सांगायचं हे की शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच कळलं होतं की दोष हवेचा नाही, दलदलीचाही नाही, एका जातीच्या मच्छराचा आहे. पण आमच्याकडे येणारे साहेब अजून दलदलीवरच अडकले आहेत.

एका जातीच्या, हे शब्द लक्षात ठेवा. मच्छर सगळे सारखे नसतात. नर मच्छर चावतच नाही, तो फुलांचा, झाडाचा रस पिऊन जगतो. चावते ती मादी, कारण अंडी भरायला तिला रक्त लागतं. थंडीतापाच्या मच्छराला शास्त्रात ॲनाफेलिस म्हणतात. तो रात्री चावतो. भिंतीवर बसला की डोकं खाली अन् मागचा भाग वर, काटा टोचल्यासारखा तिरपा बसतो. त्याला गटार आवडत नाही. त्याला पाहिजे स्वच्छ, उथळ, उन्हातलं, थांबलेलं किंवा अगदी हळू वाहणारं पाणी. दुसरा मच्छर घाण पाण्यातला, गटारीतला, हातपंपाखालच्या चिखलातला. हत्तीरोग पसरवतो तो हा. आपल्या जिल्ह्यात हत्तीपायाची माणसं किती आहेत ते सांगायला नको. तिसरा काळा, पायावर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावतो. तो घरातल्या रांजणात, टायरात, फुटक्या डब्यात, कटाईनंतर राहिलेल्या बांबूच्या खुंटात साचलेल्या पाण्यात होतो. त्याच्यापासून डेंग्यू होतो. १९९६ साली दिल्लीत डेंग्यूची साथ आली, चारशेच्या वर माणसं मेली. दिल्लीत काही बोडी नाही, जंगल नाही. होती कूलरची अन् टाक्यांची पाणी. आणि १९९४ साली मलेरियाची मोठी साथ आली ती राजस्थानात, वाळवंटाच्या भागात, जिथं नव्या कालव्याचं पाणी झिरपून साचलं होतं.

आता बोडीचं पाहू. मच्छराची मादी पाण्यावर अंडी घालते. दोन दिवसांत अळी निघते, अळीचा कोष होतो, कोषातून मच्छर उडतो. पावसाळ्याच्या उबेत याला साधारण आठ-दहा दिवस लागतात. एवढे दिवस अळीला पाण्यावर जिवंत राहावं लागतं. ती श्वास घ्यायला वर येते. ॲनाफेलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून आडवी पडून राहते, घाणीतल्या मच्छराची अळी डोकं खाली करून तिरपी लटकते. हे डोळ्यांनी दिसतं, यंत्र लागत नाही. अशी आडवी पडलेली अळी जुन्या, खोल, मासे असलेल्या बोडीच्या मधोमध टिकेल का? वाऱ्यानं लाटा येतात, अळी बुडते. बारीक मासे पाण्याच्या वरच्या थरात फिरतात, त्यांना अळी म्हणजे तयार जेवण. आणि पाण्यातले किडे वेगळेच. चतुर तुम्हाला माहीत आहे, ज्याच्या शेपटीला पोरं दोरा बांधून उडवतात. त्या चतुराची पिल्लं पाण्यातच वाढतात आणि महिनोन् महिने अळ्या खातात. मोठा झाला की तोच चतुर हवेत मच्छर पकडतो. पाणभुंगे, उलटे पोहणारे किडे, हे सगळे शिकारी. बेडूक आहेत, कोळी आहेत, संध्याकाळी बोडीवर गिरक्या घेणारी वटवाघळं आहेत. बेडकांचं तर असं झालं की एके काळी आपल्या देशातून बेडकाच्या तंगड्या परदेशी खायला जात होत्या. १९८७ साली सरकारनं ती निर्यात बंद केली, कारण शेतातले किडे खाणारेच राहिले नव्हते. सरकारला जे १९८७ साली कळलं ते बोडी बुजवताना आठवत नाही.

पण खोटं बोलायचं नाही. बोडीत मच्छर होतच नाहीत असं आम्ही म्हणणार नाही. होतात, काठाला. जिथं बेशरम माजली आहे, गवत पाण्यात वाकलं आहे, तिथं मासा शिरू शकत नाही आणि लाट पोचत नाही. पाळीच्या खालच्या बाजूनं पाणी झिरपून डबकी होतात, तिथं होतात. ढोरं पाण्यात उतरतात त्या जागी खुरांचे खड्डे पडतात, त्यात होतात. आणि नवीन रोवलेल्या बांधीतही होतात, जोवर धान गुडघ्याला लागत नाही तोवर. आता मच्छरासाठी धान लावायचं बंद करा असं तर साहेबही म्हणणार नाहीत. ज्याला बांधीचं पाणी आठवड्यात एक दिवस सोडून पुन्हा घेता येतं त्यानं घ्यावं. आपल्या इकडं पावसावरची शेती, वरच्या बांधीतलं पाणी खालच्याच्या अंगावर जातं, सगळ्यांना ते जमणार नाही.

या पोळ्याआधी संघटनेच्या पोरापोरींनी एका गावात एक काम केलं. हातात पांढरी ताटली अन् मोठी पळी घेऊन जिथं जिथं पाणी दिसलं तिथं पळी बुडवली, ताटलीत ओतलं, अळी दिसते का पाहिलं. बोडीच्या उघड्या पाण्यात काही निघालं नाही. काठाच्या बेशरमीत निघाल्या. पण सगळ्यात जास्त, पळीगणिक वळवळणाऱ्या अळ्या कुठं निघाल्या? रस्त्याच्या कामासाठी मुरूम काढून तसेच सोडलेल्या खड्ड्यांत. हे खड्डे गावाच्या वेशीवर, पहिल्या घरापासून ढेकूळ फेकलं तर पोचेल एवढ्यावर. उथळ आहेत, ऊन येतं, पाणी स्वच्छ, मासा एक नाही, बेडूकही फारसा नाही. मच्छराला मागून मिळणार नाही असं घर. दुसऱ्या जागी निघाल्या त्या रोपवनासाठी खोदलेल्या चरांत. आता चर चांगलेही असतात, पाणी मुरवतात. ज्या चरातलं पाणी चार-पाच दिवसांत मुरतं त्यात मच्छर उडेपर्यंत अळी जगत नाही. पण जिथं खाली खडक आहे, पाणी पंधरा पंधरा दिवस तसंच उभं, तिथं त्या चराच्या नावाखाली मच्छराची रोपवाटिका झाली आहे.

मग प्रश्न असा. रस्त्याचा ठेका घेताना खड्डे बुजवून देण्याची जबाबदारी कुणाची? चर कुणी खोदले? हातपंप लावला तेव्हा त्याच्या पाण्याला शोषखड्डा कुणी केला नाही? ही पाणी गावानं साचवलेली नाहीत. बोडी गावाची आहे, ती बुजवायला पैसे आहेत, ट्रॅक्टर आहे. ठेकेदाराचे खड्डे बुजवायला मात्र कुणाकडं ट्रॅक्टर नाही!

आणि बोडी बुजवल्यावर ती जागा कुणाची होणार, हे त्या ठरावाच्या कागदावर कुठं लिहिलं होतं? आपल्या बापजाद्यांनी, गोंड राजांच्या काळापासून, तलाव-बोड्या बांधल्या. मालगुजार आले तेव्हा तलावाचे मालक झाले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली अन् तलाव सरकारजमा झाले, पण गावाचा निस्तार हक्क कागदावर राहिला. ढोरांना पाणी, मासे, शिंगाडे, ओलीत, गाळाची माती, यासाठी पाणी आपलं. निस्तार पत्रकात पाण्याची नोंद आहे म्हणून हक्क आहे. पाणीच नाही राहिलं तर नोंद कशाची? ती होते सरकारी पडीक. आणि सरकारी पडीक जागेवर आपण नांगर घातला तर ती होते जबरानजोत, अन् मग नोटीस. १९७८ पासून जबरानजोतीचे कागद घेऊन आपण तहसील कचेरीच्या पायऱ्या घासून राहिलो, त्यात आणखी एक भर. मैदान पोरांना खेळायला पाहिजे तर मैदानाला गावात जागा नाही का?

इथं एक गोष्ट सांगतो, मागच्या शिबिरात बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांनी सांगितलेली. हिमालयाच्या पायथ्याला तराई म्हणून पट्टा आहे, काही भाग नेपाळात, काही भारतात. तिथं थारू आदिवासी राहतात. दाट जंगल, दलदल, आणि मलेरिया असा की बाहेरचा माणूस रात्र काढायला भ्यायचा. १९५० च्या पुढं तिथं डीडीटी फवारलं, मलेरिया ओसरला. चांगलंच झालं, थारूंचीही लेकरं वाचली. पण ताप गेला अन् मागून बाहेरचे लोक आले, जंगल तोडलं, जमिनीचे कागद आपल्या नावानं करून घेतले. थारूंकडं कागद नव्हते. कित्येक थारू आपल्याच जमिनीवर मजूर झाले. आता याचा अर्थ कुणी असा लावू नये की मच्छर राहू द्या, म्हणजे जंगल राहील. आपल्यातही काही बुजुर्ग हसत हसत म्हणतात, थंडीतापानंच आमचं जंगल राखलं, नाहीतर केव्हाच दुसऱ्यांनी घेतलं असतं. हसण्यापुरतं ठीक आहे. आपल्या लेकरांना राखणदार म्हणून मच्छरापुढं टाकता येत नाही. थंडीताप जायलाच पाहिजे. पण त्याच्या आधी, त्याच्या सोबत, जमिनीचा अन् पाण्याचा कागद आपल्या नावानं पाहिजे.

दुसरी एक भाषा ऐकू येते. जंगलात राहता म्हणून तुम्हाला ताप येतो, रस्त्यावर येऊन राहा, सोयी देऊ. जंगलात मच्छर आहे हे खरं. नाल्याच्या काठी, गवताच्या बाजूनं हळू वाहणाऱ्या पाण्यात होणारी ॲनाफेलिसची एक जात डोंगराळ जंगलातच असते, ती माणसाला शोधून चावते. पण बांबू कटाईच्या कॅम्पवर आमचे लोक ताडपत्रीखाली उघड्यावर झोपतात, तिथं मच्छरदाणी कुणी देत नाही, गोळ्या कुणी देत नाही. ताप घेऊन गडी घरी येतो, त्याच्या रक्तातले जंतू गावातला मच्छर उचलतो, दहा-पंधरा दिवसांनी तोच मच्छर दुसऱ्याला चावून देतो. मजूर जंगलात पाहिजे, पण गाव जंगलात नको, असं हे आहे.

सरकारच्या कामाबद्दल. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत होता अन् आठ लाख मरत होते, असा अंदाज आहे. १९५३ पासून देशभर डीडीटी फवारलं. १९६५ साली आकडा एक लाखावर आला. लोकांना वाटलं मलेरिया गेला. मग हात ढिला पडला, मच्छरही औषधाला सरावला, आणि १९७६ साली ६४ लाख रोगी झाले. म्हणजे काम केलं तर होतं, आणि सोडलं तर परत येतं, हे सरकारच्याच आकड्यांत दिसतं. आज आपल्याकडं काय आहे? फवारणीवाले येतात तेव्हा रोवण्याला सगळं गाव बांधीत, घरांना कुलूप. रक्ताची काच नेली जाते, तिचा निकाल यायला पंधरा दिवस, महिना. तोवर माणूस एक तर बरा होतो नाही तर स्मशानात जातो. दवाखान्यात डॉक्टरची जागा रिकामी, असेल तर रजेवर.

पण आपल्या बाजूनंही सांगायला पाहिजे. फवारणी झाली की दुसऱ्याच दिवशी बाया भिंत सारवून घेतात, डाग चांगले दिसत नाहीत म्हणून. मग औषध शेणाखाली गेलं. मच्छर रक्त पिऊन भिंतीवर बसतो तेव्हा त्याच्या पायाला औषध लागावं म्हणून ते फवारतात. अडीच महिने तरी सारवू नका. देवाच्या खोलीत फवारू देत नाहीत, कोठ्यात फवारू देत नाहीत. आपल्या इकडचा मच्छर ढोराचं रक्त जास्त पितो, दिवसा कोठ्यातच दडून बसतो, तिथं तर आधी फवारलं पाहिजे. देवाची खोली आपल्या हातानं मोकळी करून द्या, देव रागावणार नाही. वास येतो, ढेकूण वाढतात ही तक्रार खरी आहे, तरी. मात्र एक गोष्ट फवारणीवाल्यांना ठणकावून सांगायची: पंप बोडीत किंवा नाल्यात धुवायचा नाही. त्यानं मासे अन् किडे मरतात, मच्छर खाणारेच मरतात. औषध टाकून मासे मारणारे काही पोट्टे आपल्याच गावात आहेत, शेतातली कीडनाशकाची डबी बोडीत ओतून एका दुपारी टोपलं भरतात. त्यांनाही हेच लागू. ते काय मारून राहिले हे त्यांना कुणीतरी सांगा.

गप्पी माशांबद्दल विचारणा झाली म्हणून लिहितो. गप्पी हा बाहेरच्या देशातला मासा, अळ्या खातो हे खरं. विहिरीत, सिमेंटच्या टाकीत सोडायला हरकत नाही. बोडीत, तलावात, नाल्यात सोडू नका. तिथं आपले बारीक मासे हे काम करतात, त्यांच्या जागेवर परका कशाला आणायचा? आपण जमिनीबद्दल हेच तर सांगत असतो.

तापाबद्दल थोडक्यात पण लक्ष देऊन ऐका. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्त द्या, गोळ्या घ्या, आणि बरं वाटलं तरी अर्ध्यावर सोडू नका. पुजाऱ्याकडं जायचं तर जा, त्याला आम्ही आडवे येत नाही. काही गावांत तर पुजारीच आता सांगतात की मंत्र मी करतो, पण आधी काच दे. अशा पुजाऱ्यांना आमचा जोहार. पण रोगी बरळायला लागला, झटके आले, हाक मारली तर ओ देत नाही, लघवी काळपट झाली, लेकरू दूध पीत नाही, अंग पांढरं पडलं, तर तो मेंदूचा मलेरिया किंवा तशाच जिवावरचा प्रकार असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहायची नाही. खाटेवर घाला अन् मोठ्या दवाखान्यात न्या. पोटुशी बाई अन् पाच वर्षांखालचं लेकरू यांना सगळ्यात जास्त धोका. आपल्यात सिकलसेलवालेही बरेच आहेत. डॉक्टर सांगतात की ज्याला सिकलसेलचा अर्धाच वारसा आहे त्याला मेंदूचा मलेरिया कमी होतो, पण ज्याला पुरा आजार आहे त्याला ताप फार वाईट छळतो. अशा घरात मच्छरदाणी आधी. निंबाचा धूर, कडूनिंबाचं तेल याचा उपयोग होतो, पण थोडा वेळ. मच्छर रात्रभर चावतो, धूर रात्रभर राहत नाही.

आणि गावाचं काम. आठवड्यातला एक दिवस ठरवा, बाजाराचा दिवस सोडून. त्या दिवशी रांजण-टाक्या रिकाम्या करून घासायच्या, गावातली डबकी फोडून पाणी वाहून काढायचं, वाहत नसेल तर माती टाकायची, माती नसेल तर जळकं ऑईल चमचाभर सोडायचं. डबक्यात, बोडीत नाही. बोडीच्या काठची बेशरम उपटून वाळवून जाळायची. ती पुन्हा येते, म्हणूनच तिचं नाव बेशरम आहे, पुन्हा उपटायची. पाळीतून झिरपतं तिथं चिकणमाती ठोकायची. ढोरांना उतरायला एकच जागा ठेवून तिथं दगड बसवायचे, म्हणजे खुरांचे खड्डे होणार नाहीत. गाळ उन्हाळ्यात काढायचा. खोल बोडीत मासा उन्हाळाभर जगतो. बोडी उथळ झाली की उन्हाळ्यात आटते, मासा मरतो, अन् पहिल्या पावसात मच्छर आधी येतो, मासा मागून.

आता ठराव. २४ डिसेंबर १९९६ ला केंद्र सरकारनं अनुसूचित क्षेत्रासाठी पंचायतीचा कायदा केला. त्यात गावसभेला आपली परंपरा, आपली सामूहिक साधनं राखायचा अधिकार मानला आहे आणि लहान जलसाठ्यांचं नियोजन अन् व्यवस्थापन पंचायतीकडं द्यायला सांगितलं आहे. राज्य सरकारला आपले कायदे बदलून घ्यायला एक वर्ष दिलं होतं. ती मुदत डिसेंबर १९९७ मध्ये संपली. आपले ठराव कागदावर पाहिजेत. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत प्रत्येक गावानं मांडावं की आमच्या गावात अमुक अमुक बोड्या, तलाव, नाले आहेत, त्यांची नावं, चतुःसीमा, त्यावर कोणकोणाचा कशाचा निस्तार आहे. आरोग्याच्या किंवा कोणत्याही कारणानं यातलं पाणी गावसभेला विचारल्याशिवाय बुजवू नये. रस्त्याच्या अन् रोपवनाच्या कामाचे जे खड्डे पाणी धरून राहतात ते ज्या खात्यानं खोदले त्यानं बुजवावेत किंवा पाणी वाहतं करावं. रक्ताचा निकाल तीन दिवसांत गावात पोचावा. फवारणीची तारीख आठ दिवस आधी दवंडीनं कळावी, रोवण्याच्या दिवसांत येऊ नये. बांबू कटाईच्या कॅम्पवर मच्छरदाण्या अन् गोळ्या ठेकेदारानं द्याव्यात. चतुःसीमा लिहिताना म्हाताऱ्या माणसांना सोबत घ्या, बोडीचं जुनं नाव अन् पाळ कुठवर होती हे त्यांनाच माहीत असतं. बायांनी पाणी अन् शिंगाड्याचं सांगावं. पुरुष ते लिहायला विसरतात असा अनुभव आहे.

कुणी छापलेला किंवा आधीच लिहून आणलेला कागद घेऊन आलं तर तो सभेत पूर्ण वाचून घ्या. वाचणारा माणूस आपल्या गावचा पाहिजे. रिकाम्या जागा असलेल्या कागदावर अंगठा लावू नका.

ठरावाच्या तीन नकला करा. एक ग्रामसेवकाला द्या, दुसरीवर त्याची सही-तारखेची पोच घ्या अन् ती गावात पत्र्याच्या पेटीत ठेवा, उधई लागणार नाही अशी. तिसरी घेऊन दोन माणसं, त्यातली एक बाई, तालुक्याच्या बैठकीला या. बैठक पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी आहे. दुसऱ्या दिवशी ठेवली नाही, कारण त्या दिवशी मारबत काढून माश्या-मच्छर घेऊन जायला सांगायचं असतं, ते काम आधी उरका. येताना शिधा सोबत आणा, आणि ज्या गावांनी पळी-ताटलीचं काम केलं त्यांनी कोणत्या पाण्यात काय निघालं ते वहीत लिहून आणा.